दुकानातला जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

आज असा एकही धंदा राहिलेला नाही की ज्यात संगणकाचा शिरकाव झालेला नाही. गांधीबागेतील कापडाची पेढी असो, मोमिनपुऱ्यातील लग्नपत्रिकांचा छापखाना असो, इतवारीतील ठोक किराणा असो की एखाद्या गल्लीतील शिवणकामाचा कारखाना असो, गल्ल्याशेजारी एक संगणक असतोच. त्यावर बिले निघतात, उधारीचा हिशेब राहतो, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते. मात्र हा संगणक ज्या मूळ सॉफ्टवेअरवर चालतो ते कोणाचे, ते कोणत्या हक्काने आपल्याकडे आले आणि किती दिवस चालणार, याचा विचार आपण क्वचितच करतो. तराजू, कात्री किंवा शिलाई मशीन घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारा आपला व्यापारी संगणकाच्या बाबतीत मात्र "बसवणाऱ्याने जे टाकून दिले तेच चालू आहे" एवढेच सांगतो.

हा विचार करणे आता भाग पडले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला कंपनीकडून मिळणारी नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडले असा नव्हे. ते पूर्वीसारखेच सुरू होतात, बिलेही निघतात. पण त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी कंपनी आपणहून बुजवून देत नाही. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय कंपनीने ठेवली, परंतु ती मुदतवाढ आहे, इलाज नव्हे. विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा संगणक या कसोटीला उतरत नाही.

व्यापाऱ्यासमोर आता तीन मार्ग उरतात. नवा संगणक विकत घेणे, आहे तसेच नशिबावर सोडून चालवणे, किंवा त्याच जुन्या यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे. यातील तिसऱ्या मार्गाची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना आहे, म्हणून ती येथे सविस्तर देत आहोत.

जोखीम खरी आहे

"आमच्या एवढ्याशा दुकानात कोण चोरी करणार?" असे पुष्कळजण म्हणतात. संगणकावरील दरोडेखोर दुकान लहान की मोठे हे पाहून येत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगातील सुमारे १५० देशांत धुमाकूळ घातला. ते फायलींना कुलूप लावत असे आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागत असे. ज्या त्रुटीतून ते आत शिरले तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली नव्हती, किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ती मिळतच नव्हती, ते सापडले.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा दुसरा हल्ला झाला. त्याचा फटका आपल्या महाराष्ट्रातील न्हावा-शेवा बंदरालाही बसला. मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज त्यामुळे ठप्प झाले. जगातील एका बलाढ्य जहाज कंपनीची ही गत झाली, तर चार वर्षे अपडेट न केलेल्या आपल्या संगणकाचे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

दुसरी जोखीम कायद्याची आहे. अनेक दुकानांत विंडोज आणि इतर महाग सॉफ्टवेअर "क्रॅक" करून बसवलेले असते. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी नसलेल्या वापराला कायद्याने थोडी सवलत ठेवली आहे, व्यापाऱ्याला मात्र ती मिळत नाही. शिवाय या क्रॅकसोबतच पुष्कळदा विषाणूही येतात. म्हणजे माल हक्काचा नाही तो नाहीच, वर घरात साप आणून ठेवायचा, असा हा व्यवहार आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते कशालाही वापरण्याचा, आतून उघडून समजून घेण्याचा, गरजेप्रमाणे बदलण्याचा आणि दुसऱ्याला प्रत देण्याचा हक्क असावा, हा त्यांचा आग्रह होता. १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली सर्वांना खुला केला. यालाच आपण लिनक्स म्हणतो. जगभरातील लोकांनी व कंपन्यांनी त्यात भर घातली. या गाभ्याभोवती निरनिराळ्या संस्थांनी तयार केलेले संच म्हणजे डेबियन, उबंटू, फेडोरा, लिनक्स मिंट इत्यादी.

आपल्या कारागिरांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. उस्तादाने शागीर्दाला नुसते अवजार दिले आणि ते कसे बनते हे सांगितले नाही, तर शागीर्द जन्मभर त्याचा मिंधा राहतो. अवजार कसे घडते हेही शिकवले, तर तो उद्या स्वतः उस्ताद होतो. बंद सॉफ्टवेअर पहिल्या प्रकारचे आहे, मुक्त सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारचे. ते बहुधा फुकट मिळते हे खरे, परंतु फुकटपणा हा त्याचा मुख्य गुण नव्हे. ते आपल्या हातात राहते, हा मुख्य गुण आहे. दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी प्यायचे, हा यातला खरा सवाल आहे.

हे काहीतरी परके, अर्धवट प्रकरण आहे असेही समजू नये. आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे. चेक न वटल्याच्या खटल्याची तारीख आपण मोबाइलवर ज्या ई-कोर्ट ॲपमध्ये पाहतो, त्यामागील केस इन्फर्मेशन सिस्टिम हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त साधनांवर तयार केले. देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी ई-कोर्ट प्रकल्पाने उबंटू लिनक्स स्वीकारले. २०१५ साली केंद्र सरकारने आपल्या खात्यांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. ज्यावर न्यायालयाचे दप्तर चालते त्यावर दुकानाचे दप्तर चालणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राचा वाटा

या कामात आपल्या राज्याचा वाटाही लहान नाही. २००० सालच्या सुमारास मुंबईतून इंडलिनक्स हा प्रकल्प सुरू झाला आणि लिनक्स भारतीय भाषांत आणण्याच्या कामाला वेग आला. मराठी-हिंदी अक्षरे आज लिनक्सवर नीट उमटतात, त्यात अशा अनेकांच्या बिनगाजावाजाच्या मेहनतीचा भाग आहे.

हिशेबाच्या बाबतीत दोन नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पहिले ग्नूखाता. लहान व्यापारी व संस्था यांच्यासाठीचे हे मुक्त हिशेब-सॉफ्टवेअर मुंबईत कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने तयार झाले. माने हे दृष्टिहीन आहेत हे मुद्दाम सांगितले पाहिजे. डोळ्यांनी पडदा न पाहता ज्यांनी दुसऱ्यांच्या जमाखर्चाची सोय केली, त्यांच्याकडे पाहून "आम्हाला संगणक जमत नाही" असे म्हणणाऱ्यांनी धडा घ्यावा. दुसरे ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या रुषभ मेहता यांनी आपल्या कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायातील अनुभवातून याची उभारणी केली. खरेदी, विक्री, गोदामातील साठा, कारखान्यातील उत्पादन आणि पगार हे सारे त्यात एकत्र पाहता येते. लहान दुकानाला ते जड होईल, पण ज्यांचा पसारा चार ठिकाणी आहे त्यांनी त्याची चौकशी जरूर करावी.

शिकण्याची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली लिनक्स, लिबरऑफिस, पायथन इत्यादींचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे तयार झाले. त्यांपैकी बरेच मराठी आवाजात आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

कोणी बदलावे, कोणी थांबावे?

कोणत्याही मालाचे दोष सांगितल्याशिवाय तो विकणे बरोबर नाही. म्हणून लिनक्सच्या अडचणी आधी सांगतो.

ज्यांचा सगळा हिशेब टॅलीवर आहे त्यांनी घाई करू नये. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. ते लिनक्सवर चालवण्याच्या खटपटी लोक करतात, पण धंद्याचा हिशेब खटपटीवर ठेवू नये. ज्या छापखान्यांचे काम कोरलड्रॉ आणि फोटोशॉपवर चालते, किंवा ज्यांच्याकडे इनपेजमध्ये केलेल्या उर्दू मजकुराचा वर्षानुवर्षांचा साठा आहे, त्यांनी निदान एक विंडोज संगणक राखून ठेवावा. भरतकामाच्या संगणकीय यंत्रांसोबत येणारे नक्षीचे सॉफ्टवेअर, काही वजनकाटे, बारकोड व थर्मल प्रिंटर यांचेही तसेच. विक्रेत्याला "लिनक्सवर चालते का?" हा प्रश्न विचारूनच पुढे जावे.

जीएसटीचे काम ब्राउझरमध्ये होत असल्याने ते लिनक्सवरही होते. एकमालकी दुकान वा भागीदारी पेढी असेल तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने विवरणपत्र मंजूर करता येते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचा टोकन लागतो. तो आपल्या यंत्रावर चालतो का, हे आधी पडताळावे. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून, केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारे हिशेब-सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. त्यांनी सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी आपल्या सीएचा सल्ला घ्यावा.

याउलट ज्यांचे काम पत्रे लिहिणे, तक्ते व दरपत्रके करणे, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, बँकेचे व्यवहार, जीएसटी पोर्टल आणि साधी बिले एवढेच आहे, त्यांना लिनक्स आजही पुरेसे आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे काम याच प्रकारात मोडते.

बसवण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या फायलींची प्रत. दोन प्रती कराव्यात, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर ठेवावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि सीताबर्डीसह शहराच्या सखल भागांत पाणी शिरले, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. संगणक आणि त्याची प्रत घेतलेली डिस्क एकाच टेबलावर असेल तर पाणी दोन्हींना सारखेच बुडवते. टॅलीचा डेटा, बिलांच्या फायली, ग्राहकांचे फोन क्रमांक, फोटो, डिझाइन्स, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, सर्वांची यादी करून प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

दुसरी गोष्ट संगणकाची कुवत. लिनक्स मिंट हा संच नवख्याला सोपा जातो, कारण त्याची मांडणी जुन्या विंडोजसारखी आहे. त्याला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम व १०० जीबी जागा असल्यास उत्तम. जुलै २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणार आहे. त्यासाठी यंत्र ६४ बिटचे असावे लागते. गेल्या बारा-पंधरा वर्षांतील बहुतेक यंत्रे तशी आहेत. शक्य असल्यास जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राचा वेग वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

प्रत्यक्ष बसवणी

दुसऱ्या कोणाच्या हातची डीव्हीडी न घेता लिनक्स मिंटच्या अधिकृत स्थळावरूनच फाइल उतरवावी. ती सुमारे ३ जीबीची असते. तिच्यासोबत एक लांबलचक तपासणी-क्रमांक दिलेला असतो. तो उतरवलेल्या फाइलशी जुळतो का हे पाहावे. पार्सल घेताना आपण सील पाहतो, तसाच हा प्रकार आहे. मग रूफस किंवा एचर या मोफत साधनाने ती फाइल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. पेन ड्राइव्हवरील जुने सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबली की कोठून सुरू करायचे याची यादी येते. कळ कोणती हे कंपनीगणिक बदलते. पेन ड्राइव्ह निवडला की लिनक्स काहीही न बसवता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालू होते. ही सोय फार मोलाची आहे. एक-दोन तास तसेच चालवून पाहावे. वायफाय लागते का, प्रिंटर कागद काढतो का, आवाज येतो का, बँकेचे पान उघडते का, सर्व तपासावे. पसंत पडले नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. जुनी विंडोज जागच्या जागी असते.

पसंत पडल्यास पडद्यावरील "इन्स्टॉल" हे चिन्ह दाबावे. पुढे एक प्रश्न येतो, तो डोळ्यांत तेल घालून वाचावा: विंडोजच्या शेजारी बसवायचे की संपूर्ण डिस्क पुसून बसवायचे? पहिल्या वेळी शेजारी बसवणे बरे. म्हणजे संगणक सुरू करताना दोहोंपैकी हवे ते निवडता येते. त्यासाठी आधी विंडोजमध्ये जाऊन "फास्ट स्टार्टअप" बंद करावे आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून ते बंद करावे. "डिस्क पुसा" हे बटण दाबल्यावर गेलेले परत येत नाही. बसवणी चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस लावावा आणि लॅपटॉप असेल तर चार्जर जोडून ठेवावा.

बसवून झाल्यावर चार कामे न विसरता करावीत. अपडेट मॅनेजर उघडून सर्व दुरुस्त्या घ्याव्यात. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये यंत्राला काही वेगळे लागते का ते पाहावे. टाइमशिफ्ट हे साधन चालू करावे, म्हणजे एखादा बदल बिघडल्यास यंत्रणा मागच्या तारखेला नेता येते. मात्र टाइमशिफ्ट यंत्रणा जपते, आपल्या हिशेबाच्या फायली नव्हे. त्यांची प्रत वेगळीच घ्यावी लागते. चौथे, फायरवॉल चालू करावी.

लिनक्स घेतले म्हणजे कायमचे निर्धास्त झालो, असेही मानू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका मुक्त साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघडकीस आले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात लॉगिन होताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले आणि त्याने मूळ शोधून काढले. सॉफ्टवेअर उघडे होते म्हणून त्याला आत पाहता आले. तात्पर्य असे की चोर येथेही येतात. फरक एवढाच की दार तपासण्याचा हक्क सर्वांना असतो. अपडेट मात्र आपल्यालाच घ्यावे लागते.

मराठी, उर्दू आणि छपाईचे काम

नागपुरातील आपले व्यवहार मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांत चालतात. लिनक्समध्ये आयबस नावाच्या सोयीतून मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि उर्दूचा उच्चारानुसारी कळफलक जोडता येतो व एका कळीने भाषा बदलता येते. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे सुबक फॉन्ट मोफत आहेत. उर्दूसाठी नोटो नस्तालीक उर्दू आहे. हे सर्व युनिकोड पद्धतीचे असल्याने एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर तसेच दिसते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये किंवा इनपेजमध्ये ठेवलेला मजकूर मात्र रूपांतर केल्याशिवाय उघडल्यास अक्षरांचा खिचडा दिसतो. रूपांतर केल्यावर एकदा वाचून तपासावे, विशेषतः नावे आणि तारखा. लग्नपत्रिकेतील एका चुकीची किंमत छापखानेवाल्यांना सांगायला नको.

चित्रांसाठी गिंप, रेखाचित्रांसाठी इंकस्केप आणि पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस ही साधने आहेत. कोरलड्रॉच्या फायली इंकस्केपमध्ये उघडतात, पण हुबेहूब उघडतील याची खात्री नसते. नवे काम नव्या साधनात सुरू करावे, जुने ग्राहक जुन्या फायली घेऊन आले की विंडोजचे यंत्र चालवावे. दोन-तीन मोसम गेल्यावर कशाची गरज उरली आहे ते आपोआप कळेल.

मुलांच्या हाती हुनर

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सदरच्या अंजुमन अभियांत्रिकी महाविद्यालयात, शहरातील बीसीए वर्गांत किंवा आयटीआयच्या कोपा अभ्यासक्रमात आपली मुले-मुली शिकत आहेत. घरी संगणक जुना आहे म्हणून पुष्कळांचा सराव होत नाही. तोच जुना संगणक लिनक्स बसवल्यावर पूर्ण कार्यशाळा बनतो. जगातील बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यामुळे घरी केलेला सराव नोकरीत थेट उपयोगी पडतो.

सुरुवात अशी करावी. टर्मिनल ही खिडकी उघडून "सुडो ॲप्ट अपडेट" ही आज्ञा द्यावी. आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. मग "सुडो ॲप्ट इन्स्टॉल" या शब्दांपुढे बिल्ड-इसेन्शियल, गिट आणि पायथन-३-व्हेन्व ही नावे लिहावीत. तिसऱ्या नावातील तीन हा अंक म्हणूनच टाइप करायचा. एवढ्याने सी भाषेचा कंपायलर, कामाची नोंदवही आणि पायथनची जोडसाधने एकदम येतात. लिहिण्यासाठी व्हीएसकोडियम किंवा साधा टेक्स्ट एडिटर पुरतो.

गिट म्हणजे काय ते व्यापाऱ्याच्या मुलाला लगेच समजेल. रोजकीर्दीत आपण खोडाखोड करत नाही. चूक झाली तर उलट नोंद करतो, म्हणजे कधी काय झाले हे कायम दिसते. गिट हीच शिस्त प्रोग्रॅम लिहिण्यात आणते. टॉरव्हाल्ड्स यांनीच ते २००५ साली बनवले. बसवल्याबरोबर त्याला आपले नाव आणि ईमेल सांगावे लागते, कारण प्रत्येक नोंदीखाली सही असते. पायथनचे व्हेन्व म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळी हत्यारपेटी. एका कामाची अवजारे दुसऱ्यात मिसळली की दोन्ही कामे बिघडतात, हे कोणताही सुतार सांगेल.

हातमागावर जॅकार्ड लावून किनार विणणाऱ्या कारागिराला तर हे शास्त्र परके वाटूच नये. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग तयार केला. कोणता धागा उचलायचा आणि कोणता सोडायचा हे पुठ्ठाच मागाला सांगतो. हीच कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. म्हणजे विणकराचा पुठ्ठा हा आजच्या प्रोग्रॅमचा पूर्वज आहे. ज्यांच्या आजोबांनी पुठ्ठे बांधले त्यांच्या नातवंडांना प्रोग्रॅम लिहिणे जड जाण्याचे कारण नाही.

धंदा म्हणूनही पाहा

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना पैसे कमावण्यास मनाई करत नाही. प्रत देण्याचे, बसवून देण्याचे, शिकवण्याचे आणि देखभालीचे शुल्क घेता येते. ज्या शहरात हजारो जुने संगणक दुरुस्तीविना पडून राहणार आहेत, तेथे प्रामाणिकपणे प्रत घेणारा, लिनक्स बसवणारा, प्रिंटर जोडून देणारा आणि महिन्यातून एकदा फेरी मारणारा तरुण स्वतःचा धंदा उभा करू शकतो. भांडवल म्हणून दोन पेन ड्राइव्ह, एक बाह्य डिस्क आणि भरपूर सबुरी लागते. त्याची पत मात्र एकाच गोष्टीवर ठरेल: त्याच्या हातून कोणाचा हिशेब हरवता कामा नये.

व्यापारी बंधूंनी सगळे एका दिवसात बदलू नये. सुट्टीच्या दिवशी एक यंत्र घ्यावे, फायलींच्या दोन प्रती कराव्यात, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे आणि मुलाला शेजारी बसवावे. महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालवून मगच निर्णय करावा. जमले तर नव्या यंत्राचा खर्च वाचेल, बेकायदा सॉफ्टवेअरची टांगती तलवार जाईल आणि घरात एक जाणकार तयार होईल. समजा नाहीच जमले, तरी हिशेबाच्या दोन प्रती आपल्या हाती उरतील. आज कितीतरी दुकानांत तेवढेही नाही.